‘हाय डिफरन्स’चं काय करायचं? आयेल्ट्सच्या एका मसुद्याचं प्रकरण

“देअर इज अ हाय डिफरन्स बिट्वीन मेल अँड फीमेल लिटरसी इन बिहार.”

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. कर्ता, क्रियापद, ‘बिट्वीन’ आणि ‘अँड’ची जोडी, सगळं जागच्या जागी आहे. अर्थही पोचतो. तरीही इंग्रजीत वाढलेला माणूस हे वाक्य वाचताना ‘हाय’पाशी किंचित अडखळतो. पुढच्या वाक्यात ‘ह्यूज डिस्क्रिपन्सी’ येते, त्याच्या पुढे ‘सटल डिफरन्स ऑफ फोर पर्सेंट’, मग ‘ऑन द कॉन्ट्ररी’. चार-पाच ठिकाणी असं अडखळून झालं की परीक्षकाचं मत बनतं, आणि आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतला साडेसहाचा बँड, म्हणजे गुणश्रेणी, सातावर जात नाही.

मसुदा सांगलीच्या एका फिजिओथेरपिस्टचा. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, आणि तिच्या विद्यापीठाला लेखनात सात बँड हवेत. ऐकणं, वाचणं, बोलणं यात अडचण नव्हती. घोडं अडलं होतं लेखनात. येताना ती निदान सोबत घेऊनच आली होती: “मॅडम, माझी व्होकॅब्युलरी कमी पडते.” पुरावा म्हणून वही होती. वहीच्या एका पानावर ‘बिग’ या शब्दाखाली ओळीने ह्यूज, व्हास्ट, इमेन्स, ट्रिमेंडस, कन्सिडरेबल, सबस्टॅन्शियल, ड्रास्टिक, सिग्निफिकंट. पाठही होते सगळे.

माझं निदान नेमकं उलटं होतं. विशेषणं तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त होती. नामं मात्र जेमतेम दोन, ‘डिफरन्स’ आणि कधीमधी ‘डिस्क्रिपन्सी’. फरक कसलाही असो, तिची विशेषणं याच दोन खुंट्यांना टांगली जायची.

आधी परीक्षेचं थोडक्यात. आयेल्ट्स अकॅडेमिकच्या लेखनात एका तासात दोन प्रश्न असतात. पहिल्यात तक्ता, आलेख, नकाशा किंवा प्रक्रियेची आकृती देतात आणि तिचं वर्णन किमान दीडशे शब्दांत मागतात. त्यासाठी वीस मिनिटं द्यावीत असं सुचवलेलं असतं. दुसरा निबंधाचा, किमान अडीचशे शब्दांचा, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तपासण्याचे निकष चार आणि चारही समान वजनाचे. त्यातला एक शब्दसंपत्तीचा. त्याच्या सातव्या बँडच्या वर्णनात कोलोकेशनची जाण दिसावी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कोलोकेशन म्हणजे कोणता शब्द कोणाशेजारी बसतो याची भाषेतली रूढ सोयरीक. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी ही संज्ञा रुळवली. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा त्यांचा विचार आजही प्रत्येक भाषाशिक्षकाच्या तोंडी असतो.

सरावासाठी मी तिला दिलेला तक्ता जनगणनेतल्या साक्षरतेचा होता. सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकसंख्येतलं साक्षरांचं प्रमाण, टक्क्यांत, आधी पुरुष आणि मग स्त्रिया:

भारत: २००१ मध्ये ७५.३ आणि ५३.७, २०११ मध्ये ८०.९ आणि ६४.६
महाराष्ट्र: २००१ मध्ये ८६.० आणि ६७.०, २०११ मध्ये ८८.४ आणि ७५.९
केरळ: २००१ मध्ये ९४.२ आणि ८७.७, २०११ मध्ये ९६.१ आणि ९२.१
बिहार: २००१ मध्ये ५९.७ आणि ३३.१, २०११ मध्ये ७१.२ आणि ५१.५

तक्ता मुद्दाम निवडला होता. यात फरक तीन दिशांनी जातात: स्त्री आणि पुरुष, राज्य आणि राज्य, २००१ आणि २०११. प्रत्येक दिशेच्या फरकाला इंग्रजीत वेगळं नाम लागतं, आणि तिच्या मसुद्यात तिन्हीकडे ‘डिफरन्स’च होता.

आपण मराठीत काय करतो

इंग्रजीकडे जाण्याआधी मी तिला मराठीतच काही वाक्यं पुरी करायला सांगितली. बँकेच्या हिशेबात काय आढळते? तफावत. गरीब-श्रीमंतांमधली काय रुंदावते? दरी. समाजात आर्थिक काय असते? विषमता. दोन भाऊ जमिनीवरून भांडले, त्यांच्यात काय झाले? मतभेद. खऱ्या-खोट्यात आपण काय करतो? भेद, किंवा फरक. तिने एकदाही विचार करायला वेळ घेतला नाही.

मग मी उलटसुलट करून विचारलं. हिशेबात विषमता आढळली, चालेल? ती हसली. गरीब-श्रीमंतांमधला मतभेद रुंदावला? पुन्हा हसली. म्हणजे मराठीत तिला फरकाच्या जाती पाठ होत्या, आणि कोणत्या जातीला कोणतं क्रियापद लागतं तेही. दरी रुंदावते किंवा बुजते, तफावत आढळते, मतभेद मिटतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. इंग्रजीत मात्र ती ‘फरक’ या एका शब्दावरून थेट ‘डिफरन्स’वर उडी मारत होती आणि मग तो किती मोठा हे ठरवण्यात सगळी शक्ती खर्च करत होती. वहीतला दोष इथेच होता. विशेषणांच्या पानावर एकाही विशेषणाशेजारी नाम लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा ठरलं ते असं: आधी नाम ठरवायचं. हा फरक कोणत्या जातीचा आहे हा पहिला प्रश्न, किती मोठा आहे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्यासाठी आठ पर्याय उरतच नाहीत, दोन-तीन उरतात.

वाक्यामागून वाक्य

पहिलं वाक्य बिहारचं. ‘हाय’ कुठून आला हे उघड आहे. साक्षरतेचं प्रमाण जास्त, फरक जास्त, किंमत जास्त, गर्दी जास्त. मराठीत ‘जास्त’ सगळीकडे खपतो. इंग्रजीत ‘हाय’ बसतो ‘रेट’, ‘लेव्हल’, ‘पर्सेंटेज’, ‘प्राइस’, ‘टेम्परेचर’ यांच्याशेजारी, म्हणजे पट्टीवर वर-खाली सरकणाऱ्या गोष्टींशेजारी. ‘नंबर’ मात्र ‘लार्ज’ असतो, ‘डिफरन्स’ ‘बिग’ किंवा ‘ग्रेट’, आणि ‘गॅप’ ‘वाइड’. स्त्री-पुरुष साक्षरतेतला फरक म्हणजे दोन आकड्यांमधली मोकळी जागा, तेव्हा इथे नाम हवं ‘गॅप’. ते घेतलं की ‘वाइड’ आपोआप येतो, आणि जनगणनेच्या संदर्भात ‘जेंडर गॅप’ ही तयार जोडीही हाताशी येते. “द जेंडर गॅप वॉज वाइडेस्ट इन बिहार.” सात शब्द, आणि ‘हाय डिफरन्स’च्या वाक्यापेक्षा माहिती जास्त, कारण ‘वाइडेस्ट’मध्ये चारही ओळींची तुलना आली.

‘गॅप’ची दुसरी सोय क्रियापदांची. तिने लिहिलं होतं, “द डिफरन्स वॉज डिक्रीज्ड हायली.” बिहारमधली गॅप २६.६ वरून १९.७ वर आली, महाराष्ट्रातली १९ वरून १२.५ वर. गॅप ‘नॅरो’ होते, ‘वाइडन’ होते, ‘क्लोज’ होते. ती ‘ब्रिज’ही करता येते, पण तेव्हा कोणीतरी ती प्रयत्नाने भरून काढतं असा अर्थ येतो, म्हणून तक्त्याच्या वर्णनात ‘ब्रिज’ टाळलेला बरा. ‘द गॅप नॅरोड’ एवढं पुरतं. कर्मणी प्रयोगाची गरज नाही. शेपटीला ‘कन्सिडरेबली’ किंवा ‘मार्कडली’. ‘हायली’ नाही. ‘हायली’ विशेषणांच्या आधी बसतो, ‘हायली स्किल्ड’, ‘हायली अनलाइकली’, आणि कमी होण्या-वाढण्याच्या क्रियापदामागे तो कधीच शोभत नाही.

केरळच्या वाक्यात आणखी एक गोम होती, आणि ती भाषेइतकीच गणिताची आहे. तिने लिहिलं, केरळात फरक ‘फोर पर्सेंट’ आहे. ९६.१ वजा ९२.१ म्हणजे ४, पण हे चार टक्के नव्हेत, चार ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ आहेत, टक्के-बिंदू. बिहारच्या स्त्रियांचं उदाहरण घेतलं की घोटाळा लगेच दिसतो. ३३.१ वरून ५१.५ म्हणजे वाढ १८.४ टक्के-बिंदूंची, टक्क्यांत मोजली तर ती सुमारे ५६ टक्के भरते, कारण मूळ आकडाच लहान होता. मराठी वर्तमानपत्रं दोन्हीला सर्रास ‘टक्के’ म्हणतात. आयेल्ट्सच्या परीक्षकापुढे तसं करू नये. इंग्रजीतली रूढ मांडणी अशी: “अ डिफरन्स ऑफ फोर पर्सेंटेज पॉइंट्स”. ‘डिफरन्स’नंतर ‘ऑफ’ आला की पुढे आकडा, ‘इन’ आला की पुढे बाब (‘डिफरन्स इन लिटरसी’), आणि ‘बिट्वीन’ आला की पुढे दोन पक्ष. तिन्ही एका वाक्यात आले तरी बिघडत नाही.

‘सटल’बद्दल तिचा युक्तिवाद होता. “मॅडम, छोटा फरक म्हणजे सटलच ना?” आकाराने छोटा असेल तर ‘स्मॉल’, ‘स्लाइट’, आकडेवारीत ‘मार्जिनल’, आणि दुर्लक्ष करण्याजोगा असेल तर ‘नेग्लिजिबल’. ‘सटल’ म्हणजे सूक्ष्म, चटकन लक्षात न येणारा. रंगाच्या दोन छटांमधला, दोन घराण्यांच्या गायकीतला, दोन शब्दांच्या अर्थातला. ४ हा आकडा तक्त्यात ठळक छापलेला आहे, तो सूक्ष्म कसा असेल? शिवाय केरळची गॅप खरोखर ‘मार्जिनल’ म्हणावी का यावरही आमचं थोडं वाजलं. चार बिंदू तसे कमी नाहीत. शेवटी ‘ओन्ली फोर पर्सेंटेज पॉइंट्स’ यावर तडजोड झाली. विशेषण सापडत नसेल तर आकडाच लिहावा, असं माझं मत आहे, आणि तक्त्याच्या वर्णनात तो लिहिणं अपेक्षितही असतं.

‘डिस्क्रिपन्सी’चा खरा पत्ता

यावर जरा जास्त वेळ गेला, कारण हा शब्द तिचा लाडका होता. वजनदार वाटतो, चार अक्षरी आहे, क्लासमध्ये कोणीतरी दिलेला. “देअर वॉज अ ह्यूज डिस्क्रिपन्सी बिट्वीन मेन अँड विमेन.”

‘डिस्क्रिपन्सी’ म्हणजे जिथे दोन गोष्टी जुळायला हव्या होत्या पण जुळल्या नाहीत तो फरक. गल्ल्यातली रक्कम आणि वहीतली रक्कम. साक्षीदाराचा पहिला जबाब आणि दुसरा जबाब. पासपोर्टवरची जन्मतारीख आणि दाखल्यावरची. म्हणजे आपली हिशेबातली तफावत, तंतोतंत. ती ‘आढळते’, तिचा ‘खुलासा’ करावा लागतो, आणि इंग्रजीतही तिच्या मागेपुढे ‘फाइंड’, ‘एक्सप्लेन’, ‘अकाउंट फॉर’ हीच क्रियापदं दिसतात. स्त्री आणि पुरुष यांची साक्षरता जुळायला हवी होती आणि नोंदीच्या चुकीमुळे जुळली नाही, असा काही प्रकार नाही. तिथे फरक आहे तो सामाजिक अन्यायाचा. अशा फरकाला ‘डिस्पॅरिटी’ म्हणतात, आपली विषमता. ‘जेंडर डिस्पॅरिटी’, ‘रीजनल डिस्पॅरिटीज’, ‘इन्कम डिस्पॅरिटी’. ती ‘वाइड’ असते, ‘ग्लेअरिंग’ असते, ‘ग्रोइंग’ असते. धोरणांनी ती ‘रिड्यूस’ करतात.

गंमत म्हणजे याच विषयात एक अस्सल ‘डिस्क्रिपन्सी’ दडलेली आहे. २०११च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे आले तेव्हा देशाची साक्षरता ७४.०४ टक्के जाहीर झाली होती. अंतिम आकडा आला ७२.९९. दोन्ही आकडे आजही पुस्तकांत, संकेतस्थळांवर, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत सुखाने नांदतात, आणि विद्यार्थी कोणता खरा म्हणून एकमेकांशी वाद घालतात. दोन पुस्तकांत एकाच गोष्टीचे दोन आकडे, ही ‘डिस्क्रिपन्सी बिट्वीन द टू फिगर्स’. तिचा खुलासाही आहे: एक तात्पुरता, एक अंतिम. हे सांगितल्यावर तिचा चेहरा असा उजळला की ‘डिस्क्रिपन्सी’ वहीतून काढून टाकण्याची वेळ आली नाही. तिला घर मिळालं.

राज्याराज्यांतला फरक, आणि ‘उलट’चा पेच

“लिटरसी रेट डिफर्स फ्रॉम ५१ टू ९२.” इथे नाम नाही, क्रियापद चुकलं. ‘डिफर’ला दोन पक्ष लागतात, हे त्याच्यापेक्षा वेगळं. एकच गोष्ट ठिकाणागणिक बदलत जात असेल तर ‘व्हेरी’, आणि तिचं किमान-कमाल टोक सांगायचं असेल तर ‘रेंज’. “फीमेल लिटरसी इन २०११ रेंज्ड फ्रॉम ५१.५ पर्सेंट इन बिहार टू ९२.१ पर्सेंट इन केरळ.” ‘व्हेरी’चे सोबती ‘वाइडली’, ‘ग्रेटली’, ‘एनॉर्मसली’, किंवा ‘फ्रॉम स्टेट टू स्टेट’. ‘डिफर’चे ‘वाइडली’, ‘शार्पली’, ‘कन्सिडरेबली’. ‘वाइडली’ दोघांनाही चालतो, म्हणून अडचणीत तोच वापरावा.

मग केरळ आणि बिहार समोरासमोर. इथे तिने ‘पोल्स अपार्ट’ लिहिलं होतं आणि त्यावर ती खूश होती. जोडी अस्सल आहे, पण जागा चुकली. दोन माणसांचे स्वभाव, दोन पक्षांची भूमिका, दोन बहिणींच्या आवडीनिवडी ‘पोल्स अपार्ट’ असतात. ‘चॉक अँड चीझ’ही त्याच घराण्यातला, तोही खास ब्रिटिश, आणि ‘अ वर्ल्ड ऑफ डिफरन्स’ गप्पांत, जाहिरातीत शोभतो. आकड्यांच्या वर्णनात ही मंडळी लग्नाच्या शेरवानीत कचेरीला आल्यासारखी दिसतात. इथलं नाम ‘कॉन्ट्रास्ट’. तो ‘शार्प’ असतो, ‘मार्क्ड’ असतो, ‘स्ट्रायकिंग’ असतो. ‘स्टार्क’ही असतो, पण ‘स्टार्क’ला किंचित कठोर, उघड्या-बोडक्या वास्तवाचा वास येतो. गरिबी आणि ऐश्वर्य शेजारी शेजारी असेल तर ‘स्टार्क कॉन्ट्रास्ट’ अगदी चपखल. ३३ टक्के स्त्री-साक्षरतेसमोर ८८ टक्के ठेवताना ‘स्टार्क’ मला चुकीचा वाटत नाही. ती मात्र ‘शार्प’वर थांबली. तिचा मसुदा, तिचा कान.

आता ‘ऑन द कॉन्ट्ररी’. ही चूक तिच्या एकटीची नाही, मराठी माध्यमातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लिखाणात मला दिसते, आणि कारण एकच, आपला ‘याउलट’. बिहारमध्ये प्रमाण कमी. याउलट केरळात जास्त. इथे मराठीत काहीच खटकत नाही. इंग्रजीत ‘ऑन द कॉन्ट्ररी’ म्हणजे आधी म्हटलेलं खोडून काढणं: कोणी म्हटलं, बिहारची प्रगती झाली नाही, तर ‘ऑन द कॉन्ट्ररी’, तिथली स्त्री-साक्षरता १८ बिंदूंनी वाढली. म्हणजे आपलं “छे, उलट...”. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवायच्या, दोन्ही खऱ्या, तर ‘बाय कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘इन कॉन्ट्रास्ट’. आणि नाव पुढे जोडायचं असेल तर ‘इन कॉन्ट्रास्ट टू बिहार’. मसुद्यातलं तिचं केरळचं वाक्य मात्र, जसं होतं तसं, असं वाचलं जात होतं की बिहारबद्दलचं आधीचं वाक्य खोटं होतं.

‘सिग्निफिकंट’ आणि ‘फरक पडला का?’

दोन गोष्टी तिच्या व्यवसायातून आल्या होत्या, म्हणून वेगळ्या लिहिते.

‘सिग्निफिकंट डिफरन्स’ तिने तिच्या प्रबंधातून उचलला होता. शास्त्रीय लेखनात ही जोडी जागोजागी भेटते, पण तिथे तिचा अर्थ ‘मोठा’ नाही. दोन गटांतला फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे, सहसा ०.०५ पेक्षा, इतकाच. फरक अगदी लहान असूनही तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने ‘सिग्निफिकंट’ ठरू शकतो. आयेल्ट्समध्ये ‘सिग्निफिकंट’ लिहिलं तर कोणी गुण कापत नाही, रोजच्या इंग्रजीत तो ‘लक्षणीय’ याच अर्थाने चालतो. पण पुढे जाऊन हिला शोधनिबंधच लिहायचे आहेत. म्हणून मी आग्रह धरला: तक्त्यात ‘कन्सिडरेबल’, ‘सबस्टॅन्शियल’, ‘मार्क्ड’ वापर, ‘सिग्निफिकंट’ चाचणी केलेल्या आकड्यांसाठी राखून ठेव. यादीतल्या ‘ड्रास्टिक’लाही याच वेळी निरोप दिला. तो बदलाचा, कपातीचा, उपाययोजनेचा सोबती. ‘ड्रास्टिक डिफरन्स’ कुठे कुठे छापलेला सापडतो, पण नवख्याने त्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आपल्याकडे दवाखान्यात रोज ऐकू येतं, “फरक पडला का?” ती तिच्या इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांना विचारायची, “इज देअर एनी डिफरन्स?” सांगलीत हे कळतं. ब्रिटनमधला रुग्ण गोंधळेल, कशात फरक? आपल्या ‘फरक’मध्ये इथे ‘बरं वाटणं’ मिसळलेलं आहे, ‘डिफरन्स’मध्ये ते नाही. “इज इट एनी बेटर?” किंवा व्यायामाबद्दल विचारायचं तर “हॅव दी एक्सरसायझेस मेड एनी डिफरन्स?” म्हणजे आपला ‘फरक पडणे’ तिकडे ‘मेक’ घेतो. आणि ‘फरक करणे’, दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे, याला ‘मेक अ डिफरन्स’ अजिबात चालत नाही. तिथे ‘टेल द डिफरन्स’ किंवा ‘ड्रॉ अ डिस्टिंक्शन’. स्नायूचं दुखणं आणि नसेचं दुखणं यात डॉक्टर ‘डिस्टिंग्विश’ करतो. रेषा बारीक असेल तर ती ‘फाइन डिस्टिंक्शन’, आणि कोणी मुद्दाम पुसट केली तर ‘ब्लर द डिस्टिंक्शन’.

अनेकवचनाचा सापळा जाता जाता. ‘डिफरन्सेस’ माणसांमधले असले की मतभेद, भांडण. ‘सेटल देअर डिफरन्सेस’ म्हणजे समेट. अमेरिकेत घटस्फोटाच्या कायद्यात ‘इर्रेकन्सिलेबल डिफरन्सेस’ हे कारण चालतं. कॅलिफोर्नियाने १९७० पासून ते लागू केलं. तिने “बिहार अँड केरळ हॅव देअर डिफरन्सेस” लिहिलं होतं. दोन्ही राज्यांचं पाण्यावरून काही वाजलं असावं असं वाटतं.

पुन्हा लिहिलेला परिच्छेद

वहीची मांडणी बदलली. विशेषणांचं पान फाडलं नाही, पण नव्या पानावर डोक्यावर नामं आली: गॅप, कॉन्ट्रास्ट, डिस्पॅरिटी, डिस्क्रिपन्सी, डिस्टिंक्शन, व्हेरिएशन. प्रत्येकाखाली त्याची विशेषणं, क्रियापदं, आणि स्वतः रचलेलं एक खरं वाक्य. शंका आली की ती कॉर्पसमध्ये शोधायची, म्हणजे खऱ्या लिखाण-बोलण्याच्या साठ्यात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये दहा कोटी शब्द आहेत, अमेरिकन इंग्रजीच्या ‘कोका’मध्ये शंभर कोटींच्या वर. ‘हाय डिफरन्स’ शोधून तो ‘बिग डिफरन्स’पुढे किती क्षीण पडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की माझ्या सांगण्याची गरज राहत नाही.

नवा मुख्य परिच्छेद असा झाला:

“इन बोथ यिअर्स, द जेंडर गॅप वॉज वाइडेस्ट इन बिहार, ऑलदो इट नॅरोड फ्रॉम २६.६ टू १९.७ पर्सेंटेज पॉइंट्स. महाराष्ट्र सॉ अ सिमिलर इम्प्रूव्हमेंट, विथ द गॅप फॉलिंग टू १२.५ पॉइंट्स. केरळ, बाय कॉन्ट्रास्ट, हॅड द नॅरोएस्ट गॅप थ्रूआउट, ॲट ओन्ली फोर पॉइंट्स इन २०११. फीमेल लिटरसी व्हेरीड वाइडली अक्रॉस द स्टेट्स, रेंजिंग फ्रॉम ५१.५ टू ९२.१ पर्सेंट इन द लॅटर यिअर.”

यातला एकही शब्द तिला नवा नव्हता. ‘इमेन्स’ नाही, ‘ट्रिमेंडस’ नाही. तिला सुरुवातीला हा परिच्छेद गरीब वाटला. “एवढे सोपे शब्द?” असं दोनदा विचारून झालं. शब्दसंपत्तीचा निकष अवघड शब्द मोजत नाही, हे पटायला वेळ लागतो, कारण क्लासेसच्या जाहिराती उलट सांगत असतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. तिचे साडेसहा केवळ जोड्यांमुळे अडले होते असं मी म्हणणार नाही. पहिल्या मसुद्यात समग्र चित्र सांगणारं वाक्यच नव्हतं, आणि त्याशिवाय पहिल्या निकषात, म्हणजे प्रश्नात मागितलेलं दिलं का हे पाहणाऱ्या निकषात, सात मिळणं कठीण. ती थेट बिहारपासून सुरू झाली होती. नंतर तिने वर एक वाक्य घातलं: सर्वत्र साक्षरता वाढली, आणि स्त्रियांची वाढ पुरुषांपेक्षा जास्त असल्याने गॅप सगळीकडे कमी झाली. मला वाटतं, ते वाक्य तिला सुचलं कारण तोवर ‘गॅप’ हे नाम हातात होतं. ‘डिफरन्स’ घेऊन तीच गोष्ट सांगायला तिने आधी प्रयत्न केला होता आणि कोणाकोणातला डिफरन्स हे सांगता सांगता वाक्य तीन ओळींवर गेलं होतं.

पुढच्या आठवड्याचा प्रश्न नकाशाचा होता, एका किनाऱ्यावरच्या गावाचा, पर्यटन येण्याआधी आणि नंतर. तिने सवयीने ‘गॅप’ काढला आणि स्वतःच थांबली. इथे आकडेच नव्हते. शेताच्या जागी हॉटेल आलं, पायवाटेचा रस्ता झाला, मासेमारीचा धक्का गेला. हे फरक मोजण्याचे नव्हते, जागा बदलण्याचे होते. तिथे ‘हॅज बीन रिप्लेस्ड बाय’, ‘हॅज बीन कन्व्हर्टेड इंटू’, आणि गाव ओळखू येईनासं झालं असेल तर ‘बेअर्स लिटल रिझेम्ब्लन्स टू’. शेवटचं तिने आपणहून शोधून आणलं होतं, ‘बेअर्स’सकट, फक्त त्याच्यापुढे ‘टू’ऐवजी ‘विथ’ लावून.